मॉडेल नंतर, आधी बरगडीवर हात

खानदेशातल्या कुठल्याही गावात शाळेपासून हाकेच्या अंतरावर ठिबकच्या नळ्यांचं एखादं भेंडोळं सापडतंच. केळीची बाग निघाली, लॅटरल गुंडाळून बांधावर टाकली, तिथेच राहिली. ही १६ मिलिमीटरची नळी, तिचे जॉइनर आणि टी (तीन तोंडांचा जोड), शिवाय ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब हाताशी असेल, तर पाचवी ते आठवीच्या मुलांना शरीराचं निम्मं काम करून दाखवता येतं. उरलेलं निम्मं किराणा दुकानात, मेडिकलवर आणि मुलांच्या डब्यात असतं.

विज्ञान प्रदर्शनात मात्र थर्माकोलचं रंगवलेलं हृदय, निळे-लाल बाण आणि पाठ केलेलं भाषण काही चुकत नाही. वस्तू सुबक असते, घरच्यांनी रात्र जागून केलेली असते, पण मुलाला त्यातलं काय कळलं हे कळायला मार्ग नसतो. माझा क्रम उलटा आहे. आधी मुलाने स्वतःच्या अंगावर काहीतरी मोजायचं, चाचपायचं, ऐकायचं. त्यातून प्रश्न पडला की मग मॉडेल. आणि मॉडेल चाललं की न चुकता विचारायचं: हे कुठे खोटं बोलतंय?

एक गोष्ट आधीच सांगतो. बांधावरची जुनी लॅटरल तोंडाला लावायची नाही. तिच्यातून युरिया आणि विद्राव्य खतं गेलेली असतात, कधी औषधही सोडलेलं असतं, आणि कितीही धुतली तरी तिचा भरवसा धरता येत नाही. जिथे तोंडाचा संबंध येतो तिथे नवी नळी घ्यायची, दोन-तीन मीटरला फारसे पैसे पडत नाहीत. घेताना ‘प्लेन लॅटरल’ मागा. इनलाइन नळीत ठरावीक अंतरावर पाणी ठिबकवणारे ड्रिपर असतात. तिथून हवा निसटते आणि ती कुठून जातेय हे शोधण्यात तास संपतो.

फ्लेक्सची मागची बाजू

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आणि निवडणुकीचे जुने फ्लेक्स गावात ढिगाने असतात आणि बहुतेकांची मागची बाजू पांढरी असते. साहेब जमिनीकडे तोंड करून राहिले तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्यावर एका मुलाला उताणं झोपवा आणि परमनंट मार्करने बाह्यरेखा काढा. मुलींच्या गटाला त्यांच्यातल्याच एका मुलीची रेखा काढू द्या. मग काहीही न शिकवता हृदय, फुप्फुसं, जठर, यकृत आणि मूत्रपिंडं कागदातून कापून योग्य वाटेल तिथे ठेवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा.

चुका जवळपास ठरलेल्या असतात. हृदय पार डाव्या बाजूला जातं, जठर बेंबीवर येतं, मूत्रपिंडं ओटीपोटात उतरतात, आणि यकृताला एवढीशी जागा मिळते. या चुका खोडायच्या त्या चाचपून. हृदय स्वतःच्या मुठीएवढं, छातीच्या मधोमध, टोक डावीकडे झुकलेलं. जठर डाव्या बरगड्यांच्या खालच्या कडेआड, यकृत उजव्या बरगड्यांआड, आणि तो पोटातला सगळ्यात मोठा अवयव. मूत्रपिंडं पाठीच्या बाजूला: कमरेवर हात ठेवून अंगठे मागे वळवा आणि शेवटच्या बरगडीपर्यंत वर सरकवा, त्याच पातळीवर. अवयव चिकटवायला फेव्हिकॉल वापरू नका, फ्लेक्सवरून तो सुकल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप टिकते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या शाळेत प्रत्येक अवयवाचं नाव पावरी किंवा भिली बोलीतही लिहून घ्या. घरी ज्या नावाने पोट दुखतं, तेच नाव चित्रावर असलेलं बरं.

आतड्यांसाठी एखाद्या आजीचं नऊवारी लुगडं मागवा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, आणि मोठ्या माणसाची तोंडापासून गुदद्वारापर्यंतची पचननलिका पुस्तकी मापाने साधारण तेवढीच भरते: लहान आतडं सुमारे ६ मीटर, मोठं दीड मीटर, ग्रासनली २५ सेंटिमीटर, बाकीचं तोंड, घसा आणि जठर. लुगड्याचा लांब पिळा करून त्याच मापांवर रंगीत दोरे बांधा आणि तो फ्लेक्सवरच्या पोटात बसवायला सांगा. पहिला गट कोंबून बसवतो. कोंबलेल्या पिळ्यातून काही पुढे सरकेल का, असं विचारलं की घड्या घालायची कल्पना मुलंच काढतात. जिवंत माणसात स्नायू आवळलेले असल्यामुळे आतड्याची लांबी पुस्तकातल्यापेक्षा बरीच कमी भरते, हेही सांगा. आणि लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा, हे वाक्य आता सोडून द्यायला हवं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो सुमारे ३० चौरस मीटर निघाला. म्हणजे एखाद्या लहान वर्गखोलीएवढा, आणि तोही काही थोडाथोडका नाही.

श्वास: आधी मोजपट्टी

फुग्याच्या फुप्फुसाचं मॉडेल सगळ्यांना माहीत असतं. ते थेट बनवायला घेतलं की हवा आत गेली म्हणून छाती फुगते, हा मुलांचा समज तसाच राहतो. खरा क्रम याच्या उलट आहे. छातीची पोकळी आधी मोठी होते, आतला दाब कमी होतो, म्हणून हवा आत येते. हे मुलांना स्वतःच्या अंगावर तपासता येतं. तोंड मिटून, नाक चिमटीत धरून छाती वर उचलायला सांगा. बरगड्या हलतात, पण हवा आत जात नाही. तेव्हा छाती फुगवण्याचं काम हवा करत नाही, हे त्यांना लगेच पटतं. मग शिंप्याच्या टेपने छातीचा घेर मोजा, पूर्ण श्वास सोडून एकदा आणि पूर्ण घेऊन एकदा. फरक २ ते ५ सेंटिमीटरचा येतो. टेप शर्टावरून सैल धरली तर फरक गायब होतो, आणि आवळून धरली तर मूल खांदे उचलून आकडा वाढवतं.

आता मॉडेल. कोल्ड्रिंकची २ लिटरची जाड बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, पडदा ओढला की तिच्या भिंतीच आत दबतात. तळ कापून टाका आणि कापलेल्या कडेवर टेप लावा, नाहीतर पडदा फाटतो आणि बोटंही. लॅटरलचा २० सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे श्वासनळी. त्याच्या खालच्या टोकाला १६ मिमीची टी खोचा आणि टीच्या दोन्ही बाजूंना एकेक फुगा चढवा. टीच्या तोंडाला खाचा असतात, त्यामुळे फुगा दोऱ्याशिवायही धरून राहतो. फुगे चढवण्याआधी पंपाने तीन-चार वेळा पूर्ण फुगवून सोडा, कोरा फुगा फार ताठ असतो. नळी तळाकडून घालून गळ्यातून वर काढा आणि गळ्यात उरलेली फट सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर एम-सील लावून बुजवा. तळाला मोठ्या फुग्याचा पडदा: फुग्याच्या तोंडाला गाठ मारा, वरचा अर्धा भाग कापून टाका, गाठीचा भाग बाटलीवर ताणून बसवा आणि रबरबँड लावा. गाठ ही ओढायची मूठ.

पडदा ओढला आणि फुगे हललेच नाहीत, तर हवा बहुतेक वेळा गळ्याच्या फटीतून जात असते. तपासायची रीत सोपी आहे. पडदा ओढून धरा, फुगे फुगले की नळीच्या तोंडावर अंगठा दाबा आणि पडदा हळूच सोडा. फुगे फुगलेलेच राहिले तर त्यांचे जोड पक्के आहेत. पडदा ओढून धरलेला असताना फुगे आपोआप बसत गेले, तर बाटलीत बाहेरून हवा शिरतेय.

चाललं की खोटेपणा शोधायला बसवा. मोठ्या चुका चार आहेत. बाटलीची भिंत हलत नाही, बरगड्या हलतात. फुगे आणि बाटली यांच्यात बरीच मोकळी हवा असते, शरीरात फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा पातळसा थर असतो, एवढंच. फुगा आतून रिकामा असतो, फुप्फुसात ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. चौथी चूक हुशार मुलंही सोडून देतात: आपलं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) विश्रांतीत घुमटासारखं वर उचललेलं असतं आणि श्वास घेताना सपाट होतं. मॉडेलमधला पडदा सपाट असतो आणि ओढल्यावर खाली लोंबतो. म्हणून पडदा बोटाने वर दाबून सुरुवात करा आणि मग सोडा. निदान एवढी चूक तरी कमी होते.

फुप्फुसात किती हवा मावते हेही मोजता येतं. तेलाचा ५ लिटरचा पारदर्शक कॅन साबणाने दोनदा धुवा आणि २५० मिलिलिटर पाणी मापाने ओतत प्रत्येक पातळीवर रेघ मारा. काठोकाठ भरा, तळव्याने तोंड झाकून पाण्याच्या टबात उलटा करा आणि नव्या लॅटरलचं एक टोक कॅनच्या तोंडात सरकवा. खोल श्वास घेऊन नाक दाबायचं आणि संपेपर्यंत फुंकायचं. १० ते १२ वर्षांच्या मुलांचा आकडा दीड ते अडीच लिटरच्या आसपास येतो. मायक्रोट्यूब इथे कामाची नाही, फुंकताना मुलांचे गाल दुखतात आणि आकडा खोटा येतो. कॅनमध्ये हवा भरत जाते तसा तो उसळी मारतो, म्हणून धरायला एक दणकट मूल हवं. प्रत्येकाने आपल्या वहीच्या कागदाची सुरळी नळीच्या तोंडात खोचून फुंकायचं आणि मग ती टाकून द्यायची. नळीतून पाणी कुणी ओढायचं नाही. आकडे उंचीच्या क्रमाने फळ्यावर लिहा, नावं लिहू नका. एकदा ‘पहिला नंबर’ लागला की सगळे आकडे फुगायला लागतात.

चुन्याच्या निवळीचा प्रयोग घरोघरी चुन्याची डबी असल्यामुळे सोपा वाटतो. खायचा चुना चमचाभर, पाणी एक लिटर, रात्रभर झाकून ठेवून वरचं नितळ पाणी घ्यायचं. त्यात फुंकलं की ते दुधाळ होतं, कारण बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो आणि उच्छ्वासात ४ टक्क्यांच्या आसपास. जास्त वेळ फुंकत राहिलं तर दुधाळपणा पुन्हा जातो आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो, पण फसलेला नसतो. निवळी शिक्षकानेच करायची. ओला चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं. लगेच वाहत्या पाण्याने निदान १५-२० मिनिटं डोळा धुवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

हृदय

१८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली. स्टेथोस्कोपची सुरुवात ती. वर्गातही अडचण तीच असते आणि उपायही तोच. सुरळीच्या जागी लॅटरलची नळी घ्या आणि ती ६० सेंटिमीटरची ठेवा, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचंच हृदय ऐकता येतं आणि कुणी कुणाला हात लावायचा प्रश्न येत नाही. ७-८ सेंटिमीटर तोंडाचं प्लॅस्टिकचं नरसाळं लॅटरलमध्ये घट्ट खोचा आणि त्याच्या तोंडावर फुग्याचा पडदा ताणून बसवा. छातीच्या मधल्या हाडाच्या जरा डावीकडे, स्तनाग्राच्या खाली लावलं की ‘लब-डब’ ऐकू येतं. हे दोन्ही आवाज झडपा मिटण्याचे. कपडा घासला किंवा पंखा सुरू असला तर काहीच ऐकू येत नाही. लोडशेडिंगचा मला माहीत असलेला हा एकमेव शैक्षणिक उपयोग.

नाडी दाखवायला हरभऱ्याएवढी चिकणमातीची गोळी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि तिच्यात खराट्याची १० सेंटिमीटरची हीर उभी रोवा. टोक ठोक्यागणिक डुलतं. गोळी मोठी झाली की डुलणं थांबतं. बोटाने मोजताना अंगठा वापरायचा नाही, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एक ठोका हुकला की चारची चूक होते. ३० सेकंद मोजा. बसलेल्या मुलाची नाडी साधारण ७० ते ११० असते. मिनिटभर जागेवर पळून झाल्यावर १० सेकंदांच्या आत मोजणी सुरू करा आणि पुढे दर मिनिटाला, पाच मिनिटं. आलेख काढायला याच्याइतका चांगला विषय नाही. एप्रिलमध्ये हे सकाळीच उरका. दम्याचा, हृदयाचा किंवा सिकलसेलचा (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) त्रास असलेलं मूल घड्याळ धरेल.

आता खरी गंमत. विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात दाखवलेला प्रयोग शिक्षकाच्या हातावर करता येतो आणि त्याला काही सामानही लागत नाही. हात मिनिटभर खाली लोंबता ठेवा, शिरा वर येतात. मनगट आणि कोपर यांच्यामधली, फाटे नसलेली एक सरळ शीर निवडा. तिच्या मनगटाकडच्या टोकावर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने रक्त कोपराच्या दिशेने ५-६ सेंटिमीटर पुढे निपटत न्या आणि ते दुसरं बोट उचला. शीर वरून भरत येते, पण एका जागी येऊन थांबते. तिथे बारीक गाठ दिसते आणि त्याखालचा भाग सपाट, रिकामा राहतो. ती गाठ म्हणजे झडप. आता पहिलं बोट उचला, शीर खालून झर्रकन भरते. शेतकऱ्याच्या पोराला यापुढे समजवावं लागत नाही, विहिरीतल्या मोटरीचा, पाणी परत खाली जाऊ न देणारा फूट व्हॉल्व्ह त्याने हाताळलेला असतो. निपटताना रक्त पहिल्या झडपेच्या पुढे गेलं नाही तर काही दिसत नाही. मग बोट थोडं पुढपर्यंत न्या किंवा शीर बदला.

बोकडाचं हृदय वर्गात आणायचं की नाही, यावर वाद आहे. वारकरी, महानुभाव, जैन घरांतली मुलं वर्गात असतात. आदल्या दिवशी पालकांना सांगा, ज्यांना नको त्यांना नको, आणि गावाचाच विरोध असेल तर हट्ट धरू नका. वरचा शिरेचा प्रयोग त्याची बरीचशी उणीव भरून काढतो. आणायचंच असेल तर मटणाच्या दुकानात ‘दिल’ मागा. काळीज मागितलं तर यकृत हातात येतं. ‘चिरा मारू नका, वरच्या नळ्या दोन-तीन बोटं ठेवा’ हे आधीच सांगा, कारण सवयीने ते उभं चिरूनच देतात. मे महिन्यात हा प्रयोग नकोच. बाकीच्या दिवसांत बर्फाच्या डब्यातून आणा आणि त्याच सकाळी संपवा.

नळाखाली धरून आतल्या रक्ताच्या गाठी काढून टाका. चिमटीत दाबून पाहा, कडक लागणारी बाजू डावी. सगळ्यात जाड भिंतीची नळी म्हणजे महाधमनी. तिच्यात वरून पाणी ओतलं तर झडप शाबूत असल्यास पाणी तिच्यावर साचतं, आत उतरत नाही. मग टोकापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर आडवा छेद घ्या. उभ्या छेदापेक्षा यात पटकन कळतं: डावा कप्पा गोल आणि जाड भिंतीचा, उजवा चंद्रकोरीसारखा त्याला बिलगलेला, भिंत जवळपास तिपटीने पातळ. एक बाजू सगळ्या अंगाला रक्त पोचवते, दुसरी फक्त शेजारच्या फुप्फुसांना. उरलेला भाग वरच्या दिशेने कापत गेलात की झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोर दिसतात, ते मुलांनी बोटाने ओढून बघावेत. कापायचं काम शिक्षकाचं. हात साबणाने धुवायचे, टेबल ब्लीचने पुसायचं.

भाकरीचा घास आणि आयोडीन

ज्वारीच्या भाकरीचा कोरा तुकडा दीड-दोन मिनिटं चावत राहायचा, गिळायचा नाही. हळूहळू गोडसर लागतो. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च तोडून माल्टोज ही साखर करतं, त्याची ती गोडी. कळण्याची भाकरी या कामाला चालत नाही. तिच्यात उडीद आणि मीठ असतं, गोडी लपून जाते. भात चालतो.

मग पुरावा: स्टार्च असेल तर आयोडीनने निळा रंग येतो. पाव चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात सोडा, मिनिटभर शिजवा, गार करा. पेज जितकी पातळ तितकं चांगलं. दाट केली तर लाळ पुरत नाही आणि निळा रंग तासभर जात नाही. मेडिकलवरच्या पोव्हिडोन आयोडीनचे १० थेंब ५० मिलिलिटर पाण्यात घाला. चूळ भरून घ्या, मग चमचाभर पाणी तोंडात मिनिटभर घोळवून कपात काढा, ही झाली पातळ लाळ. एका कपात दोन चमचे पेज आणि एक चमचा लाळ, दुसऱ्यात दोन चमचे पेज आणि एक चमचा साधं पाणी, तिसऱ्यात पेज आणि आधी उकळून गार केलेली लाळ. पांढऱ्या ताटलीत आयोडीनचे थेंब ओळीने ठेवा आणि दर मिनिटाला प्रत्येक कपातला एकेक थेंब पुढच्या आयोडीनवर सोडा. पहिल्या ओळीत निळा, मग जांभळा, तांबूस आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळट रंग उरतो. बाकीच्या दोन ओळी निळ्याच राहतात. आपली लाळ ज्याने त्यानेच हाताळायची.

हंगामाने फरक पडतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गातलं तापमानच शरीराइतकं असतं आणि पाच-सात मिनिटांत काम होतं. धुळ्याच्या जानेवारीतल्या सकाळी तेच रेंगाळतं. तेव्हा कप हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात ठेवा. पेज गरम असताना आयोडीन टाकलं तर निळा रंग उमटत नाही, प्रयोग आधीच झाल्यासारखा दिसतो.

एक सापळा लक्षात ठेवा. जठरातल्या आम्लात अमायलेज थांबतं हे दाखवायला बरेच जण लिंबू पिळतात. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं, त्यामुळे निळा रंग नाहीसा होतो आणि निष्कर्ष नेमका उलटा निघतो. पांढरं व्हिनेगर वापरा. लिंबू गणवेशावरचा आयोडीनचा डाग काढायला ठेवा, तिथे ते झकास काम करतं.

हात आणि बाकी किरकोळ

एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपराखालचं मांस धरा आणि बोटं हलवा. हालचाल बोटांची, हलतं मात्र कोपराखाली. बोटं मिटवणारे मोठे स्नायू तिथे असतात आणि कंडरांच्या दोऱ्यांनी बोटं ओढतात. हे झालं की पुठ्ठ्याचा हात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर हात रेखून कापा, सांध्यांच्या रेघांवर पट्टीने दाबून घडी पाडा. पूर्वी इथे स्ट्रॉ लागायच्या. २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, त्यामुळे मायक्रोट्यूबचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे घ्या. हे पॉलिथिन फेव्हिकॉलला, फेविक्विकला कशालाच दाद देत नाही, म्हणून सुई-दोऱ्याने पुठ्ठ्याला टाका घालून बांधा. तुकडा सांध्याच्या रेघेवर आला तर बोट वाकणार नाही. गोधडीचा जाड दोरा टोकाला गाठून सगळ्या तुकड्यांतून ओवा आणि ओढा. दोरा सोडल्यावर बोट आपोआप उघडतं, ते पुठ्ठ्याच्या ताठपणामुळे. खऱ्या हातात उघडायला मागच्या बाजूने वेगळे दोर असतात, कारण स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. मागचे दोर कसे बसवायचे, हा गृहपाठ.

डोळ्याचा अंधबिंदू: कागदावर फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडेच बघत कागद जवळ आणला की ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होतो. ज्याला दिसत नाही तो चुकीचा डोळा मिटून बसलेला असतो किंवा ठिपक्याकडे बघत असतो. दुसऱ्याने वरून सोडलेली पट्टी बोटांत पकडण्याच्या प्रयोगात पट्टी १० सेंटिमीटर घसरली तर पकडायला ०.१४ सेकंद लागले, १५ ला ०.१७, २० ला ०.२०. पट्टी सोडण्याआधीची थांबण्याची वेळ दर खेपेला बदला, नाहीतर मुलं अंदाजाने पकडतात. जिभेवर गोड-खारट-आंबट-कडू असे प्रदेश दाखवणारं चित्र मात्र फाडून टाका. चारही चवी जिभेच्या सगळ्या कडांवर कळतात. कापसाच्या काडीवर कारल्याचा रस घेऊन पाच मिनिटांत खात्री होते.

सिकलसेल

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला या आजाराचा धडा पुस्तकात कितव्या पानावर आहे ते न बघता घ्यावा. टोचून रक्तगट तपासण्याचे प्रयोग वर्गात करायचे नाहीत, सुई हातात घ्यायचीच नाही. एक लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळं करा. कोरडे वाटाणे, म्हणजे निरोगी तांबड्या पेशी, थोडे थोडे ओतत, हलकेच हलवत राहिलात तर ते गळ्यातून उतरतात. मग वाकडी मॅकरोनी तशीच ओता. ती एकमेकींत गुंतून अडकते. बारीक रक्तवाहिनीत विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकल्या की पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि सांधे, हातपाय, पोट असह्य दुखतात. इथेही खोटं काय ते विचारा. वाटाणा कडक असतो, निरोगी तांबडी पेशी लवचीक असते आणि स्वतःपेक्षा अरुंद वाहिनीतूनही दुमडून जाते. वाटाणे एकदम ओतले तर तेही अडकतात, मग मॉडेलमधून काहीच सिद्ध होत नाही.

आनुवंशिकतेसाठी एकाच मापाची पांढरी आणि लाल बटणं घ्या, लाल म्हणजे सिकलसेलचं जनुक, पांढरं म्हणजे निरोगी. बिया नकोत, हाताला फरक कळतो. दोन डब्यांत प्रत्येकी १० पांढरी, १० लाल: आई वाहक, बाप वाहक. दोन्हींतून न बघता एकेक बटण काढायचं, लिहायचं, परत टाकायचं. दोन्ही लाल आली तर आजार, एक लाल एक पांढरं म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. ४० जोड्या काढल्यावर आजाराच्या १० अपेक्षित असतात, प्रत्यक्षात ७ येतात, १३ येतात. चार मुलांपैकी एक आजारी होणारच, असा हिशोब यामुळे मोडतो. प्रत्येक बाळंतपणाला नव्याने चारात एक शक्यता, एवढंच. ‘आईकडून आलं’ असा घरातला आरोपही इथेच निकालात निघतो, कारण दोन लाल बटणांसाठी दोन्ही डबे लागतात.

१ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात तपासणी होऊन कार्ड मिळतं. वर्गात कुणाला कार्ड दाखवायला लावायचं नाही, ‘कुणाकुणाला आहे?’ असं विचारायचंही नाही. अंगात पाणी कमी पडणं, थंडी आणि अति दमणूक यांनी दुखणं उसळतं. म्हणून ज्या शाळेत हा आजार असलेली मुलं आहेत, तिथे तासाला पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा सगळ्याच मुलांना द्यावी, म्हणजे त्या मुलांना वेगळं मागावं लागत नाही. बटणांच्या खेळाला ३५ मिनिटांचा तास पुरत नाही. ४० जोड्या काढून लिहायलाच जवळपास अर्धा तास जातो. शनिवारची सकाळची शाळा गाठा आणि दोन तास जोडून घ्या.